आजोबांची फौजेतली नोकरी शोधायची कशी? आधी पैशाचा माग काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा १९३९ साली बेळगावला भरती झाले, हवालदार होऊन १९५७ साली पेन्शनीत आले. गाव खटाव तालुक्यातले. घरात एक फाटके डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारी नोंदवही) आहे, चार मेडल आहेत आणि सगळ्यांच्या तोंडी असलेले त्यांचे एक वाक्य आहे: ‘मी काली पाचवीचा माणूस, इटली बघून आलोय.’ काका सांगतात की आजोबा व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या (शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक) यशवंतराव घाडग्यांच्या शेजारी उभे राहून लढले. डिस्चार्ज बुकात मात्र पत्नीचे नाव आजीचे नाही, दुसरेच आहे. आजोबांचे धाकटे चुलतभाऊ बर्मात गेले ते परत आलेच नाहीत. यातले खरे किती आणि कागद कुठे मिळतील?

माझी सगळी नोकरी पायदळाच्या रेकॉर्ड ऑफिसात कारकुनीवर गेली. सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि तेव्हापासून लोकांची अशीच कामे करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. फौजेने शिपायाबद्दल जे लिहून ठेवले ते पैशाच्या हिशेबासाठी. पगार कुणाला, घरी महिन्याला किती पाठवायचे, माणूस गेला तर रक्कम कुणाच्या हातात ठेवायची, एवढ्यासाठी ती वही. पराक्रम त्यात एखाद्या ओळीत येतो, नाहीतर येतच नाही. तुम्ही लढाया शोधत निघालात तर पुस्तकेच वाचत बसाल. पैशाचा माग काढलात तर बायकामुले सापडतील, तारखा सापडतील आणि त्या तारखांवरून लढायाही सापडतील.

आता ‘काली पाचवी’. तुम्ही लिहिले आहे की ते पाचव्या बटालियनमध्ये असावेत. नाही. १९२२ साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही रेजिमेंट बांधली. १०३ नंबरची पलटण झाली १/५, १०५ झाली २/५, ११० झाली ३/५. कागदावर २/५ दिसले तर पहिला आकडा बटालियनचा, दुसरा रेजिमेंटचा. पलटणीतली माणसे मात्र हे आकडे बोलत नसत. पहिली ती ‘जंगी पलटण’ आणि दुसरी ती ‘काली पाचवी’. म्हणजे आजोबा २/५ चे, आजच्या दुसऱ्या मराठाचे. हे एक वाक्य घरात टिकले म्हणून बरे झाले. नंबर नसताना त्याच्याइतका चांगला धागा क्वचित मिळतो.

आणि हाच धागा काकांच्या गोष्टीशी जुळत नाही. नाईक यशवंतराव घाडगे होते ३/५ मध्ये. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकीचे बहुतेक सगळे त्याआधीच मारले गेले किंवा जखमी झाले होते. तेव्हा ‘शेजारी उभा होतो’ असे सांगणारे जेवढे आजोबा महाराष्ट्रात आहेत तेवढे त्या दिवशी त्या टेकाडावर असणे शक्य नाही. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दुसरे मराठा शिपाई नामदेव जाधव. ते १/५ चे, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. या दोघांच्या पलटणी इटलीत लढल्या. २/५ ची कथा वेगळी आहे.

२/५ टोब्रुकला होती. लिबियाच्या किनाऱ्यावरच्या त्या बंदराच्या तटबंदीचा आग्नेय भाग या पलटणीकडे होता आणि २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने नेमका तिथेच घाव घातला. आधी विमाने, मग तोफखाना, मग रणगाडे. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, टोब्रुक पडले. सुमारे ३३,००० माणसे कैद झाली. त्यात ही पलटण जवळजवळ सगळी गेली. कैद्यांना समुद्रापार इटलीत नेले. तिथे हिंदी कैद्यांसाठी अवेझ्झानोची ९१ नंबरची छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली तेव्हा कित्येक कैदी कुंपण ओलांडून डोंगरात पळाले, शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यात लपवले, भाकरतुकडा दिला. जे सापडले त्यांना जर्मनांनी गाडीत भरून जर्मनीला नेले.

तेव्हा आजोबांनी इटली पाहिली, यावर माझा विश्वास आहे. पण बहुधा तारेच्या आतून पाहिली. यात लाजण्यासारखे काही नाही. घरात ते स्पष्ट सांगितले गेले नाही, आणि काकांनी रिकाम्या जागेत त्या काळातले सर्वात मोठे मराठी नाव बसवले. असे अनेक घरांत झाले आहे.

हे पडताळायचे कसे? तुम्ही पाठवलेला मेडलांचा फोटो पाहा. दोन सहा टोकांचे तारे आहेत. फीत कुजली असली तरी मधल्या कड्यावर त्या ताऱ्याचे नाव कोरलेले असते. तुमच्याकडे एक ‘१९३९–४५ स्टार’ आहे आणि दुसरा ‘आफ्रिका स्टार’. वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा असलेली ती फीत त्याचीच. इटली स्टारची फीत लाल, पांढरी, हिरवी, म्हणजे इटलीच्या झेंड्याच्या रंगांची. ती तुमच्याकडे नाही. आफ्रिका स्टार १२ मे १९४३ पर्यंतच्या कामगिरीसाठी, इटली स्टार ११ जून १९४३ पासूनच्या मोहिमेसाठी. आफ्रिका आहे, इटली नाही, आणि माणूस म्हणतो इटली पाहिली. टोब्रुकशी हे तंतोतंत बसते. शंभर टक्के पुरावा मात्र नाही. लढाई संपल्यावर कित्येकांनी मेडल मागून घेतलीच नाहीत, काहींची मोडीत गेली. म्हणून मी ‘बहुधा’ म्हणालो.

तिसरे गोल मेडल सिंहाचे, ते ‘वॉर मेडल’, त्या काळात नोकरीत असलेल्या जवळजवळ सगळ्यांना मिळाले. खरा खजिना चौथे आहे. ते ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’, वर ‘जम्मू आणि काश्मीर’ अशी आडवी पट्टी. २७ ऑक्टोबर १९४७ ते १ जानेवारी १९४९ या काळातल्या कामगिरीचे. म्हणजे कैदेतून सुटून आलेला हा माणूस दोन वर्षांत पुन्हा बर्फात उभा होता. काका याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, याचे मला जरा वाईट वाटले.

या चौथ्या मेडलची कड पाहा. समोरची बाजू नव्हे, रुपयाच्या नाण्याला जिथे रेघा असतात ती कड. स्वातंत्र्यानंतरच्या मेडलांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. दिसत नसेल तर खडूची भुकटी बोटाने हलकेच चोळा, फुंकर मारा, खिडकीपाशी तिरपे धरा आणि फोटो काढा. चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. दसऱ्याला तांब्या-पितळेबरोबर मेडलही घासायची पद्धत आपल्याकडे आहे आणि त्या घासण्यात कित्येक आजोबांचे नंबर गेले आहेत.

नंबर हाती आला की निम्मे काम झाले. आताच्या क्रमांकांत मराठा रेजिमेंटचे नंबर साधारण २७ ने सुरू होतात, महार रेजिमेंटचे ४५ ने. लढाईच्या आधीचे नंबर याहून लहान असत, त्यामुळे एकाच माणसाचे दोन नंबर दिसले तर घाबरू नका, दोन्ही लिहून ठेवा. नावावर मात्र विसंबू नका. नामदेव जाधवांचे आडनाव लंडनच्या राजपत्रात शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ लावून छापले आहे, आणि यशवंत तिथे ‘येशवंत’ झाले आहेत. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची ही गत, तर साध्या शिपायाचे शिंदे, सिंदे, शिंधे काहीही झाले असेल.

आता रेकॉर्ड ऑफिसात नेमके काय असते ते सांगतो. प्रत्येक जवानाचा एक ‘शीट रोल’ असतो. भरती, बदली, बढती, शिक्षा, रजा, जखम, मेडल, सगळ्या नोंदी त्यात. त्याला जोडून ‘किंड्रेड रोल’, म्हणजे नातेवाइकांची यादी: आई, बाप, भाऊ, पत्नी, मुले आणि पैसे कुणाला द्यायचे ते. लग्न झाले, मूल झाले, वारस बदलला की पलटणीतून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि रोलवर तिचा नंबर चढतो. पार्ट टू ऑर्डर निघाली नाही तर फौजेच्या लेखी ते लग्न झालेलेच नाही. आजही विधवांची जी पेन्शने अडकतात त्यातली बरीच याच एका कागदापायी.

हे सगळे कायम ठेवले जात नाही. पेन्शन न मिळता घरी गेलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. पेन्शनवाल्याचे जास्त काळ ठेवतात. कागद गेले तरी ‘लाँग रोल’ उरतो. ते मोठे रजिस्टर असते. माणशी एक ओळ: नंबर, नाव, गाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, सुटण्याचे कारण. म्हणून ‘रेकॉर्ड नष्ट झाले आहे’ असे उत्तर आले की लोक तिथेच थांबतात, ते थांबू नये. ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा’ असे स्पष्ट शब्दांत दुसरे पत्र टाकावे. तुमचे आजोबा पेन्शनर, त्यामुळे तुमचे नशीब बरे आहे. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा हुकूम, अलाहाबादच्या (आताच्या प्रयागराजच्या) द्रौपदी घाटावरच्या ऑफिसातून निघतो. आजीला नंतर कौटुंबिक पेन्शन मिळत असेल तर तिच्या बँकेच्या पासबुकावर किंवा जुन्या पत्रांवर तो नंबर सापडेल. गोधडीच्या घडीत, देव्हाऱ्याच्या खणात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये शोधा. आजोबांची ट्रंक सगळे उघडतात. आजीची पिशवी कुणी उघडत नाही, आणि पैसे तर शेवटी तिच्याच नावावर येत होते.

डिस्चार्ज बुकाचे जे एक पान तुम्ही पाठवले आहे ते पुन्हा नीट वाचा. उंची पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण. शिक्षण: रोमन उर्दू तिसरा वर्ग. म्हणजे मराठी माणूस इंग्रजी लिपीतले उर्दू शिकून परीक्षा पास झाला, कारण फौजेचे कामकाज तेव्हा त्यात चाले. त्याखाली डाव्या अंगठ्याचा ठसा, शेजारी चालचलन ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे आदर्श. हा शेरा सहज मिळत नसे. जन्मतारीख नाही, नुसते ‘भरतीच्या वेळी वय १८’. ते प्रमाण मानू नका. पोराची छाती आणि उंची बसली की वय बसवले जाई. सोळाचेही अठरा होत आणि बाविसाचेही. शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही म्हणून हा माणूस दुसराच, असा निष्कर्ष काढू नका.

त्याच पानावर गाव, पोस्ट, तालुका, तारघर, रेल्वे स्टेशन आणि जिल्हा आहे. जिल्हा ‘नॉर्थ सातारा’ लिहिलेला पाहून तुम्ही गोंधळलात. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली झाला. म्हणजे ही नोंद त्या दहाबारा वर्षांतली. बाकीच्यांसाठी सांगतो: सिंधुदुर्गातली माणसे जुन्या कागदांत रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात सापडतील, रायगडची कुलाबा जिल्ह्यात. 

मुलांच्या जन्माच्या नोंदीसुद्धा गावात शोधून मिळत नाहीत ते यामुळेच. फौजी माणसाचे बिऱ्हाड बदलीबरोबर फिरते. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जन्म १४ एप्रिल १८९१ चा महूच्या छावणीत, कारण वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथे लष्करी शाळेत शिकवत होते. रामजींचे वडील मालोजीही फौजेत होते. पेन्शनीनंतर कुटुंब दापोलीला, मग साताऱ्याला. त्या घराचा इतिहास लिहायचा तर गावची पाटीलकी आणि देवस्थान सोडून आधी छावण्यांची यादी करावी लागते. तुमच्या वडिलांच्या मोठ्या बहिणीचा जन्म ‘कुठेतरी उत्तरेत’ झाला म्हणता, तर १९४६ नंतर पलटण कुठे कुठे होती ते शीट रोलवरून काढा, जागा आपोआप कळेल.

आता पत्नीच्या नावाचा नाजूक भाग. बुकात भागीरथी, आजीचे नाव अनसूया. दोन शक्यता आहेत. एक, भरतीच्या किंवा लग्नाच्या वेळी माहेरचे नाव लागले आणि ते तसेच राहिले. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, रोल बदलत नाही. दुसरी, भागीरथी ही पहिली पत्नी होती. टोब्रुक पडल्यावर घरी आधी ‘बेपत्ता’ अशी तार जायची. कैदेतले पत्र यायला पुढे महिने लागायचे. त्या काळात गावात काय बोलले गेले असेल, ती माहेरी गेली असेल, वारली असेल, कुणास ठाऊक. कागद एवढेच सांगेल की घरचा हप्ता, ज्याला ‘फॅमिली अलॉटमेंट’ म्हणत, तो अमुक तारखेपर्यंत भागीरथीच्या नावे मनिऑर्डरीने गेला आणि अमुक तारखेपासून आईच्या किंवा अनसूयेच्या नावे. कैदेत असतानाही पगार चालू असे, त्यामुळे या नोंदी तुटत नाहीत. वारस बदलल्याची पार्ट टू ऑर्डर मागा, तिच्यावर कारण असते. उत्तर घरात वाचून दाखवण्याआधी वडिलांना एकट्यात दाखवा, एवढे ऐका.

कैदेबद्दल आणखी एक. जर्मनीत गेलेल्या हिंदी कैद्यांपैकी काहीजण सुभाषबाबूंच्या तिथल्या फौजेत गेले. परत आल्यावर सगळ्यांची चौकशी झाली आणि ‘पांढरा’ (निष्ठावान), ‘करडा’ (संशयित), ‘काळा’ (फितूर) असे शेरे बसले. आजोबांनी १९५७ पर्यंत सलग नोकरी करून पेन्शन घेतली, त्यावरून त्यांचा शेरा पांढराच असावा. पण तुमच्या भागात कुणी त्या फौजेत गेल्याची कथा असेल तर तिला हसू नका. कैद्यांच्या नोंदी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे आहेत. अर्ज वर्षातून ठराविक वेळीच घेतात आणि कोटा लवकर भरतो, तेव्हा लक्ष ठेवावे लागते. पलटणीची रोजनिशी, म्हणजे ‘वॉर डायरी’, लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे. मध्यपूर्व आणि आफ्रिकेसाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९, इटलीसाठी १७०, बर्मासाठी १७२ अशा मालिका आहेत. तिच्यात शिपायांची नावे सहसा नसतात, फक्त अधिकाऱ्यांची आणि कंपन्यांच्या हालचालींची नोंद असते. पैसे खर्च करण्याआधी हे माहीत असू द्या. आणि कुणाचे आजोबा ३/५ चे असतील तर लक्षात ठेवा, ती पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आजची २ पॅरा तीच. त्यांनी फक्त बेळगावशी पत्रव्यवहार करून भागणार नाही.

बर्मातल्या चुलत आजोबांचे काम तुलनेने सोपे आहे. नोकरीत मृत्यू झालेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. आडनाव, रेजिमेंट आणि १९४२ ते १९४५ ही वर्षे टाका, स्पेलिंग बदलून बदलून पाहा. ४/५ ही पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या संगशाकला वेढ्यात सापडून लढली, तिथली माणसे बहुधा इंफाळच्या स्मारकांवर सापडतात. ज्यांचा देह मिळाला नाही अशा सुमारे २७,००० जणांची नावे रंगूनजवळ टाउकच्यानच्या स्मारकावर आहेत. त्या नोंदीत कित्येकदा एक ओळ जास्तीची असते: अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, गाव अमुक, सातारा. चुलत आजोबांच्या बायकोचे नाव तुमच्या वंशावळीत रिकामे आहे, ते तिथे मिळायची बरीच शक्यता आहे. पुन्हा तेच, पैसे द्यायचे होते म्हणून ते नाव लिहिले गेले.

जवळच्या जवळ दोन फेऱ्या मारा. एक साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. माजी सैनिक आणि विधवांची नोंदणी तिथे असते. आजी कधी मदतीसाठी, मुलांच्या फीसाठी, ओळखपत्रासाठी गेली असेल तर तिचा अर्ज आणि त्याला जोडलेली डिस्चार्जची नक्कल तिथे असू शकते. दुसरी तलाठ्याकडे. घरात ‘फौजेत मिळालेले रान’ म्हणून काही जमीन असेल तर तिच्या सातबारावर वर्ग २ चा, म्हणजे सरकारने अटींवर दिलेल्या जमिनीचा, शेरा असेल आणि जुन्या फेरफारात वाटपाच्या हुकुमाचा नंबर. त्या हुकुमात आजोबांचा नंबर आणि पलटण असते. गावच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत ‘या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले’ अशी दगडी पाटी असेल तर तिचाही फोटो घ्या. खटाव-कोरेगावकडे अशा पाट्या आहेत. त्यावर नावे नसतात, नुसता आकडा असतो, पण आजोबांच्या आधीची पिढी गेली होती का, याचा अंदाज येतो.

पत्र असे लिहा. ‘ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स, द मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव’. मेडलवरचा नंबर, हुद्दा, नाव, बापाचे नाव, गाव, तेव्हाचा जिल्हा, भरती आणि सुटल्याचे साल. मागणी चार गोष्टींची: शीट रोलची प्रत, किंड्रेड रोलची प्रत, लग्न, मुले व वारस यांच्या पार्ट टू ऑर्डरी, आणि हे नसल्यास लाँग रोलचा उतारा. सोबत तुमचे ओळखपत्र, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि तुमचे नाते दाखवणारा एक कागद. महिना-दोन महिन्यांत उत्तर आले नाही तर हीच मागणी १० रुपये भरून माहिती अधिकारात करा. अर्ज वडिलांच्या नावे करा, नातवाच्या नव्हे. दुसऱ्याची खाजगी माहिती म्हणून नाकारायला जागा कमी राहते, मुलगा थेट वारस असतो. उत्तरात १९४२ च्या जूनपुढे काय लिहिले आहे तेवढे मला कळवा, इटलीचे पुढे बघू.